एक नोंद कमी आहे

डेटाबेस, बॅकअप, रिस्टोर असले शब्द माझ्या ब्लॉगवर पाहून काहींना वाटेल, की बाईंचा ब्लॉग कुणी हॅक केला की काय! तसं काही झालेलं नाही. २०२४ च्या जून महिन्यात या शब्दांशी माझा तीन आठवडे जवळून संबंध आला. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईला त्यातलं जेवढं कळलं तेवढं लिहून ठेवते. नातेवाइकांपैकी निम्म्यांना यातली हकिगत अर्धवट ठाऊक आहे. त्यांनाही ती एकदा नीट कळेल.

आमच्या मालवणी शब्दसंग्रहाबद्दल इथे मी पूर्वी लिहिलं आहे. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. २००९ ते २०१६ अशी सात वर्षं आम्ही पाच निवृत्त माणसं कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात फिरलो. चेडू, झील, वायंच, खंय हे तर सर्वांना माहीत असलेले शब्द. आम्हाला हवे होते ते शेतीतले, माशांचे, जात्यावरचे, बाळंतिणीच्या खोलीतले, मोठ्या माणसांच्या तोंडून आता क्वचितच येणारे शब्द. ५,२१८ शब्द जमले. त्यांच्यासोबत ६४० ध्वनिमुद्रणं. बहुतेक दोन ते पाच मिनिटांची, काही थोडी मोठी. ज्यांचे आवाज त्यात आहेत त्यांतली निम्म्याहून अधिक माणसं आज नाहीत. माझी थोरली बहीण, आमची आक्का, २०१९ साली गेली. तिने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, सलग वीस मिनिटं.

हे सगळं ज्या मुलाने संगणकावर बसवून दिलं, त्याने शब्द आणि आवाज दोन्ही एकाच डेटाबेसमध्ये ठेवले. डेटाबेस म्हणजे मोठी कपाटं आणि त्यांत नीट ओळीने लावलेले कप्पे. कपाटाला म्हणतात टेबल आणि कप्प्याला रो. आवाजाची फाइल त्या कप्प्यातच ठेवता येते. रेकॉर्डरचं कार्ड लहान होतं, म्हणून मुद्रण चढवून झालं की कार्ड पुसून पुन्हा वापरायचं, असा त्या काळचा रिवाज होता. म्हणजे ही ६४० मुद्रणं जगात एकाच ठिकाणी होती.

जूनच्या सुरुवातीला सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. (कंपनीचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं पुढे सौजन्याने वागली.) जुना सर्व्हर ३० जूनला बंद होणार होता. त्यावरचा मायएसक्यूएल ५.७ हा प्रोग्रॅम जुना झाला होता. त्याचा आधार ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला होता. नव्या सर्व्हरवर ८.० होता. कंपनी डेटाबेसचा बॅकअप काढून नव्या जागी रिस्टोर करून देणार होती. पत्रात वाक्य होतं, "आपल्याला काहीही करावं लागणार नाही."

असं वाक्य वाचलं, की शाळेत शिक्षणाधिकारी येणार असल्याच्या निरोपाची आठवण होते. त्यातही हेच लिहिलेलं असायचं.

आक्काचा मुलगा, माझा भाचा, पुण्यात संगणकाच्याच नोकरीत आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, बॅकअपची फाइल आपल्याकडेपण मागून घे. आणि जुन्या सर्व्हरवर प्रत्येक टेबलात किती ओळी आहेत, ते आकडे वहीत लिहून ठेव."

आकडे माझ्या वहीत होतेच. पस्तीस वर्षं हजेरीपट लिहिणाऱ्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही! शब्द ५,२१८, मुद्रणं ६४०. प्रत्येक मुद्रणाचा अनुक्रमांक, बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि किती मिनिटं हेही. भाच्याने सांगितल्यावर मी जुन्या सर्व्हरवरचे आकडे पुन्हा एकदा पडताळून घेतले. जुळले.

आता बॅकअप म्हणजे नेमकं काय, ते मला या निमित्ताने कळलं. मायएसक्यूएलचा जो नेहमीचा बॅकअप असतो, त्याला डंप म्हणतात. ती असते साधी मजकुराची फाइल. त्यात कपाटांची चित्रं नसतात, कपाट कसं बनवायचं आणि कुठल्या कप्प्यात काय ठेवायचं याच्या सूचना असतात. अशा लाखो सूचना एकापाठोपाठ. रिस्टोर करणं म्हणजे त्या सगळ्या सूचना रिकाम्या जागी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाळणं. म्हणून डंप काढायला लागतो त्यापेक्षा तो उतरवायला बराच जास्त वेळ लागतो. शोधासाठीच्या सूचीही प्रत्येक वेळी नव्याने बांधाव्या लागतात.

आमची फाइल उलगडली की दहा जीबीची होत होती. आवाज मूळचे पाच जीबी, पण डंपमध्ये आवाजाचा प्रत्येक बाइट दोन अक्षरांनी लिहिला होता, त्यामुळे दुप्पट. दाबून झिप केली की साडेचार जीबी.

कंपनीच्या माणसाने पहिला प्रयत्न वेबपानावरून केला. फाइल निवडायची, बटण दाबायचं. त्या पानावर मूळची मर्यादा दोन एमबीची असते. ती वाढवता येते, पण दहा जीबीसाठी तो रस्ताच नव्हे. बैलगाडीच्या वाटेवरून मालगाडी न्यायची झाली! मग त्याने फाइलचे तुकडे केले आणि एकेक तुकडा चढवला.

संध्याकाळी मी नवीन जागी शब्दसंग्रह उघडला. पहिले काही शे शब्द ठीक. पुढे प्रत्येक शब्दाच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं, मधूनच पैशाच्या चिन्हांसारखं काहीतरी. सोबत कंपनीची चुकांची यादी आली. चार पानं. बहुतेक ओळींचा अर्थ एकच, या नोंदीचा पालक सापडत नाही.

मुद्रणाची प्रत्येक नोंद कुठल्यातरी शब्दाला जोडलेली असते. तो शब्द आधी आलेला नसला, तर डेटाबेस मुद्रण घ्यायला नकार देतो. दाखल्याशिवाय प्रवेश नाही, तसंच.

भाच्याला यादी पाठवली. मी तळापासून वाचायला लागले होते, कारण शेवटची चूक सर्वांत ताजी. तो म्हणाला, "नाही मावशी, वरून वाच. पहिली चूक कुठे आहे?"

आणि मला एकदम ओळखीच्या गावी आल्यासारखं वाटलं. सातवीला मी मराठीबरोबर बरीच वर्षं गणितही शिकवलं. मुलाचं उत्तर चुकलेलं असलं, की तळाचा आकडा बघून काही कळत नाही. वरून खाली यायचं. तिसऱ्या पायरीवर हातचा विसरलेला असतो आणि पुढच्या सहा पायऱ्या बिचाऱ्या बरोबर रीतीने चुकीच्या झालेल्या असतात. चार पानांच्या यादीतही तसंच होतं. तीनशे चुका दिसत होत्या, खरी चूक एक होती, फाइलचे तुकडे करणं.

डंपच्या अगदी वरच्या ओळींत काही खास सूचना असतात. एक सांगते, की सगळं उतरून होईपर्यंत पालक-पाल्याची तपासणी बंद ठेव. दुसरी सांगते, की पुढचा मजकूर अमुक लिपी-संकेतात आहे. फाइल कापली, की या ओळी फक्त पहिल्या तुकड्यात राहतात. दुसऱ्या तुकड्यापासून पालकांची तपासणी सुरू झाली, आणि चढवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमने मजकूर पश्चिम युरोपीय लिपीतला समजून वाचला.

टोप्यांचं कोडंही इथे सुटलं. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. जुन्या युरोपीय पद्धतीत एक बाइट म्हणजे एक अक्षर. म्हणून आपली पाच चिन्हं तिथे पंधरा अगम्य अक्षरं होऊन उभी राहतात. मायएसक्यूएलमध्ये ८.० येईपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, मूळ ठेवण ही युरोपीयच होती. जुन्या मराठी संकेतस्थळांवर ज्यांनी हा प्रकार पाहिला असेल त्यांना कारण आता कळलं असेल.

असा बिघडलेला मजकूर तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या भरीस पडू नये, हे भाच्याचं सांगणं. मूळ फाइल शाबूत आहे ना? मग बिघडलेलं सगळं पुसायचं आणि रिकाम्या जागी पहिल्यापासून उतरवायचं. अर्ध्या उतरलेल्यावर पुन्हा ओतलं, तर काही नोंदी दुहेरी, काही जुन्या, काही नव्या, असा गोंधळ होतो.

पण मूळ फाइल शाबूत आहे, हे तरी कशावरून?

यासाठी तीन साध्या तपासण्या आहेत. पहिली, दोन्हीकडच्या फाइलचा आकार शेवटच्या बाइटपर्यंत जुळतो का. दुसरी, झिप फाइल न उलगडता तपासणारी कमांड आहे, ती चालवायची. फाइल मध्येच तुटलेली असेल तर ती सांगते. तिसरी मला फार आवडली. डंपची शेवटची ओळ पाहायची. तिथे 'डंप कम्प्लीटेड' असं तारखेसह लिहिलेलं असतं. पूर्वी पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' असायचं, तसंच. ती ओळ नसली, तर पत्र मध्येच थांबलेलं आहे.

आमच्या इथलं इंटरनेट पावसाळ्यात कसं चालतं ते गाववाल्यांना सांगायला नको. म्हणून कंपनीकडून रात्रभर उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवर घालून पुण्याला पाठवायची ठरली. शेजारचा कॉलेजातला मुलगा मदतीला आला. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, रिकामा, आणि तरी संगणक म्हणतो, फाइल फार मोठी आहे! बराच वेळ दोघं चक्रावून बघत राहिलो. कारण असं, की पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट-३२ नावाच्या जुन्या पद्धतीने आखलेले असतात आणि त्या पद्धतीत एका फाइलची कमाल मर्यादा चार जीबी. जागा कितीही असो, साडेचार जीबीची एक फाइल त्यात मावत नाही. एक्सफॅट पद्धतीने तो पुन्हा आखला आणि फाइल बसली. ती पुण्याला पोचली, भाच्याने तिन्ही तपासण्या केल्या. शेवटची ओळ होती.

मग कंपनीला कळवलं, की तुकडे न करता, वेबपानावरून न नेता, सर्व्हरवर बसून थेट कमांडने अख्खी फाइल उतरवा. २४ जूनला त्यांचं उत्तर आलं. काम झालं. एकदोन किरकोळ एरर आले, पण नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त डेटा आला आहे, मॅडम.

मी उघडून पाहिलं. शब्द सगळे स्वच्छ देवनागरीत. आवाज वाजत होते. तरी वही काढली. शब्द ५,२१८. मुद्रणं ६३९.

एक नोंद कमी आहे, असं मी कळवलं. तिकडच्या माणसाने अदबीने लिहिलं, की एवढ्या मोठ्या बॅकअपमध्ये एखादी नोंद जाते.

टक्केवारीचं गणित मीही शिकवलेलं आहे. ६४० पैकी ६३९ म्हणजे ९९.८४ टक्के. बोर्डात पहिला येईल. पण वर्गात सहल नेली आणि येताना चाळीसातली एकोणचाळीस मुलं गाडीत चढली, तर साडेसत्त्याण्णव टक्के आली म्हणून गाडी सोडत नाहीत. कोण राहिलं ते बघतात.

वहीवर बोट ठेवून अनुक्रमांक लावत गेले. तासाभराने सापडलं. ४१२. आक्का. जात्यावरच्या ओव्या, २० मिनिटं.

भाच्याला फोनवर नंबर सांगितला. त्याच्याकडे शब्दसंग्रहाची यादी नव्हती. त्याने विचारलं, "कुणाचं आहे?" मी सांगितलं. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्यांना पहिली एररची ओळ जशीच्या तशी पाठवायला सांग."

ओळ आली. 'गॉट अ पॅकेट बिगर दॅन मॅक्स अलाउड पॅकेट बाइट्स.' परवानगीहून मोठं गाठोडं आलं, एवढाच त्याचा अर्थ.

एका सूचनेत किती मोठा मजकूर घ्यायचा, याची सर्व्हरला मर्यादा घातलेली असते. मायएसक्यूएल ८.० मध्ये ती मुळात ६४ एमबी आहे आणि एक जीबीपर्यंत वाढवता येते. पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचीही स्वतंत्र मर्यादा असते, मुळात १६ एमबी. दोन्ही बाजू वाढवाव्या लागतात. पोस्टात पार्सल देणाराचं दार रुंद असून चालत नाही, घेणाराची खिडकीही तेवढी हवी. कंपनीच्या माणसाने पाठवणारी बाजू वाढवली होती, घेणारी राहून गेली. आता हिशोब पाहा. आमची दुसरी सर्वांत लांब मुद्रणं नऊ मिनिटांची, तीही डंपमध्ये ५० एमबीच्या आतच होती. आक्काचं वीस मिनिटांचं मूळ ५३ एमबी, डंपमध्ये दुप्पट होऊन १०६. सर्वांत मोठी नोंद, म्हणून तीच दाराशी अडली.

आणि ती अडल्यावर काम थांबलं का नाही? कारण कमांडला 'फोर्स' असा एक शब्द जोडला होता. चूक झाली तरी पुढे चालत राहा, असा त्याचा हुकूम. तो शब्द नसता तर ४१२ वर सगळं थांबलं असतं, सर्वांच्या लक्षात आलं असतं. थांबणाऱ्या यंत्राचा आपल्याला राग येतो, पण इथे न थांबणाऱ्या यंत्राने आक्काला मागे ठेवलं होतं आणि काम झाल्याची वर्दीही दिली होती. वहीत ६४० लिहिलेलं नसतं, तर ३० जूनला जुना सर्व्हर बंद झाला असता. बॅकअपची फाइलही काही महिन्यांनी जागा अडते म्हणून कुणीतरी पुसली असती.

दोन्ही मर्यादा ५१२ एमबी केल्या, 'फोर्स' काढला, नवा डेटाबेस रिकामा केला आणि २६ जूनला फाइल पुन्हा पहिल्यापासून उतरवली. सव्वा तास लागला. मोजणी ६४०. भाच्याने ४१२ लावलं आणि फोन स्पीकरजवळ धरला. मध्ये कोंबडा आरवतो, ते मी विसरले होते. शेवटी जातं थांबतं आणि आक्का म्हणते, "बस झाला, आता चाय ठेवतंय." पलीकडून भाचा म्हणाला, "मावशी, मी नंतर करतो फोन."

असं फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांचंच होतं असं समजू नका. भाच्याने मला गिटलॅबची गोष्ट सांगितली. जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात अशी ती सेवा. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची फाइलीच पुसल्या गेल्या. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा डंप निघतच नव्हता. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंप काढणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे तो दर वेळी चूक देऊन थांबत होता. चूक झाल्याची पत्रं पाठवली जात होती, पण ती पोचत नव्हती. चाचणीसाठी कुणी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवलं. ती परत नेऊन बसवायला अठरा तासांच्या आसपास लागले आणि मधल्या सहा तासांतलं काम गेलं ते गेलंच. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना लोकांना थेट दाखवली आणि नंतर सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं.

त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच सोयी होत्या. कमतरता होती ती एकाच गोष्टीची. तो बॅकअप कुणी उतरवून पाहिला नव्हता. आपणही महत्त्वाची कागदपत्रं जपून ठेवतो, इतकी जपून, की ठेवल्याचं समाधानच पुरे होतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण वर्षभर न उघडता आतलं लोणचं चांगलं आहे असं कुठलीही बाई म्हणणार नाही. बॅकअपच्या बाबतीत मात्र शहाणी माणसं तसं म्हणतात.

आता आम्ही काय करतो, ते सांगून थांबते. दर तीन महिन्यांनी, एक तारखेला, शेजारचा मुलगा माझ्या जुन्या लॅपटॉपवर बॅकअप रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवतो. मी वही घेऊन शेजारी बसते. टेबलांची मोजणी होते. मग सर्वांत लांबचं एक, सर्वांत जुनं एक आणि मनाला येईल ते एक, अशी तीन मुद्रणं शेवटपर्यंत ऐकतो. सर्व ६४० आवाज स्वतंत्र फाइली करूनही ठेवले आहेत. एक संच इथे, एक पुण्यात. तो मुलगा पहिल्यांदा ओव्या ऐकून म्हणाला होता, "आजी, यातले अर्धे शब्द मला कळले नाहीत." कुठले कळले नाहीत त्यांची यादी करायला मी त्याला बसवलं आहे. आतापर्यंत सत्तावीस झाले. त्यातले चार आमच्या संग्रहातही नाहीत!

तुमच्यापैकी ज्यांनी आईवडिलांचे फोटो, पत्रं, आवाज कुठेतरी 'सेव्ह' करून ठेवले आहेत, त्यांनी या रविवारी त्यातली एखादी फाइल परत काढून, उघडून बघा. आणि किती आहेत, तो आकडा वहीत लिहून ठेवा. कागदाच्या.